आई आणि बिबड्यांचे दिवस

मागच्या आठवड्यात एका सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि शेजारून वास आला. लसूण, जिरं, हिरवी मिरची आणि मंद आचेवर शिजणारी ज्वारी. बिबड्यांचा घाटा! ओली चादर तशीच खांद्यावर टाकून मी कठड्याशी उभी राहिले. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. दोन्ही एकदम. बिबड्यांच्या दिवसांत माझं हे असंच होतं, आणि आता पन्नाशी जवळ आली तरी त्यात काही फरक पडलेला नाही.

मी धुळ्यात राहते. इथलं ऊन काय सांगावं! चैत्र निम्मा झाला की दहा वाजता रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, नळाचं पाणी हाताला चटका देतं आणि माणसं एकमेकांना भेटली की फक्त उन्हाबद्दल बोलतात. पण हेच ऊन आम्हा खानदेशी बायकांच्या कामाचं. त्याच्या जिवावर वर्षाचं वाळवण होतं. कुरडया, शेवया, पापड आणि सगळ्यांत अवघड ते बिबडे. पुण्याकडचे पाहुणे त्यांना 'ज्वारीचे पापड' म्हणतात. म्हणोत बापडे. पापड लाटतात, बिबडे थापतात, आणि थापायला हात लागतो. ज्वारी भिजत घालायची, रोज तिचं पाणी बदलायचं, आंबूस वास यायला लागला की दळून आणायची. मग मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम आहे तोवरच ओल्या कापडावर ओल्या हाताने गोल गोल पसरायचा. हात थांबला की घाट्यावर साय धरते आणि बिबडा फाटतो.

ऊन चढायच्या आत थापणं उरकायचं, म्हणजे पातेलं चुलीवर चढणार अंधारातच. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडच्या बायका झोपतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कोणी कोणाला आमंत्रण देत नाही. नळावर नुसतं "उद्या आमचे बिबडे शेत वं", म्हणजे आहेत गं, एवढं म्हटलं की पहाटे चार-दोन जणी पदर खोचून दारात हजर. मजुरी म्हणाल तर वाटीभर गरम घाटा आणि त्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार. त्यापुढे सगळी पक्वान्नं फिकी, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

आता अशा दिवसांत एखादी बाई मुळीच झोपली नाही, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

माझी आई एरंडोलकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन जळगावात आली, आबांच्या दोन खोल्यांत. आबा म्हणजे माझे वडील, त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी एकुलती एक. लहान असताना मला वाटायचं की प्रत्येकालाच दोन आया असतात, एक हिवाळ्यातली आणि एक उन्हाळ्यातली. हिवाळ्यातली आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. "आई" म्हणून हाक मारली तर "हं" यायला इतका वेळ लागायचा की तोवर काय विचारायचं होतं तेच मी विसरून जायचे. बाहेर गल्लीत कपाशीच्या काड्या पेटवून लोक भरताची वांगी भाजायचे, हसणं-खिदळणं चालायचं. तो धूर आमच्या खिडकीतून आत यायचा आणि आई उठून खिडकीसुद्धा लावायची नाही. स्वयंपाक आबा करायचे. माझी वेणीही तेच घालायचे, सायकलची चेन घट्ट करावी तशी घट्ट. शाळेत माझ्या भुवया दिवसभर वर ताणलेल्या असायच्या.

आणि मग फाल्गुन सरता सरता आई उठायची. दारातल्या निंबाला पालवी फुटते, तशी. एके सकाळी मी डोळे उघडून पाहते तर भांडी लखलखीत, ओटा धुतलेला, आणि आई न्हाऊन, ठसठशीत कुंकू लावून सुपात ज्वारी पाखडतेय! "उठ वं माय, किती निजशी!" तिचा आवाज ऐकला की मला काय वाटायचं ते कोणत्या शब्दांत सांगू? त्या दिवशी मी शाळेत पळत जायचे आणि पळत परत यायचे, ती अजून उठलेलीच आहे ना हे बघायला.

उठलेली आई म्हणजे नुसती उठलेली नव्हे. तिला एकदा वाटलं घराला चुना लावावा. लावला. थोडा उरला म्हणून शेजारच्या भिंतीला लावला. तरीही उरला, तेव्हा गल्लीतल्या विजेच्या खांबाला हात पोचेल तिथपर्यंत लावला. पुढे कित्येक वर्षं आमच्या घराचा पत्ता 'पांढऱ्या खांबाच्या समोर' असाच सांगितला जायचा. ती मला शाळेसाठी फ्रॉक शिवायला बसायची आणि संध्याकाळी गल्लीतल्या पाच पोरींच्या अंगावर सारखे फ्रॉक असायचे. गोष्टी सांगायला लागली की एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि आम्ही पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत बसायचो. मला माझ्या आईचा केवढा अभिमान वाटायचा! इतरांच्या आया चांगल्या होत्या, पण त्या मापात मावणाऱ्या होत्या. माझी मावत नव्हती.

बिबड्यांच्या दिवसांत तर तिला घरोघरी बोलावणं असायचं. तिचा बिबडा ताटलीने आखून घ्यावा तसा गोल आणि इतका पातळ की खालच्या साडीची फुलं त्यातून दिसायची. "हिच्या हाताला बरकत शे," बायका म्हणायच्या. आमच्या भिंतीला भिंत लागून हमीदा खाला राहायच्या. त्यांचे यजमान गाद्या आणि रजया शिवायचे. खाला मला म्हणायच्या, "बेटा, तेरी मां के हाथ में मशीन है, मशीन!" सगळ्यांना आई कौतुकाची वाटायची आणि खरं सांगायचं तर सोयीचीही वाटायची. ती किती दिवस झोपली नाही हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. कसं सुचणार? सगळी गल्लीच पहाटेपासून उठलेली, सगळ्यांच्याच तोंडाची टकळी चालू, सगळ्यांचेच डोळे धुराने लाल. त्यात आईचे डोळे वेगळे कशाने लाल आहेत ते दिसलंच नाही.

मी नववीत होते त्या वर्षीचा उन्हाळा मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या वर्षी आईने आधी सगळ्या गल्लीचे बिबडे थापून दिले आणि मग आमचे काढले. घरात वर्षाच्या भाकरीची ज्वारी होती, पोतंभर. ती सगळी तिने भिजत घातली. बादल्या भरल्या, घमेली भरली, हंडे भरले. आबा दुकान उघडायला गेले तर पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं जागेवर नाही! ते आमच्या मोरीत, ज्वारीने काठोकाठ भरलेलं. आबा घरी येऊन घमेल्याकडे बघत बसले आणि मग हसले. हसण्यासारखंच होतं ते. मीही हसले होते.

मग एका पहाटे चूल पेटली. एक पातेलं संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. जुनी धोतरं संपली, चादरी संपल्या, तेव्हा आईने ट्रंक उघडली. आधी नेहमीच्या साड्या काढल्या, मग सणाच्या, आणि शेवटी तिच्या लग्नातला शालू. उजाडलं तेव्हा मी वर गेले. आमच्या गल्लीतल्या गच्च्या एकमेकींना लागून होत्या, मधे गुडघ्याएवढे कठडे. पाय टाकला की पलीकडे. मी वर पोचले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले. आमच्या गच्चीवर बिबडे, खालांच्या गच्चीवर बिबडे, त्यापलीकडे, त्याच्याही पलीकडे, गल्लीच्या टोकापर्यंत नुसते बिबडे. लाल साडीवर, हिरव्या साडीवर, जरीवर. हजारो ओले गोल, आणि नुकतं वर येणारं ऊन त्या प्रत्येकावर चमकतंय. या सगळ्याच्या मधोमध आई उकिडवी बसून पुढे पुढे सरकत होती. तिचा हात दिसत नव्हता, इतका भरभर चालत होता.

त्यानंतर मी अजिंठा पाहिला, समुद्र पाहिला. पण एका माणसाच्या दोन हातांनी केलेलं इतकं अफाट काही मी पुन्हा पाहिलेलं नाही. मला रडू आलं होतं. भीतीचं नव्हे. ही माझी आई आहे, याचं.

बायका मदतीला आल्या होत्या. रीतच ती. पण आई कोणालाच बसू देईना. "सरका! तुमच्याने होणार नही!" खाला तरीही एका कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी एक बिबडा थापला. आई झटक्यात आली, तो बिबडा खरवडून काढला आणि परत पातेल्यात टाकला. खालांनी आईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, हात धुतले, खाली आल्या आणि आबांना म्हणाल्या, "भाईजान, भाभी के बिबडे मत देखो. आंखें देखो."

आबांनी पाहिलं. मग पुढचे काही दिवस काय झालं ते सगळं सांगत नाही. आईचं बोलणं इतकं वेगात चालायचं की शब्द एकमेकांना तुडवत बाहेर पडायचे. ती भर दुपारी अनवाणी बाजारात जाऊन आली. आबांनी हात धरला तर तिने तो हिसडला. आणि एका सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. वर गच्च्यांवर बिबडे वाळून कडकडीत झाले होते. ते सोडवून काढायला कोणी नव्हतं. गरम वाऱ्याने त्यांच्या कडा मोडायच्या आणि तो कुरकुर आवाज खाली आमच्या खोलीत ऐकू यायचा. आई डोळे मिटून ऐकत असायची की नाही, मला ठाऊक नाही.

शेवटी बायकाच वर गेल्या. कापडं उलटी करून, पाण्याचा हात फिरवून त्यांनी एकेक बिबडा सोडवला, पुन्हा वाळवला, डबे भरले. आमच्या घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून गल्लीने आपापल्या घरी ठेवले. पुढचे दोन पावसाळे आमची गल्ली आईचे बिबडे खात होती. निखाऱ्यावर भाजलेला, तेल आणि चटणी लावलेला बिबडा घेऊन कोणीतरी आमच्या दाराशी यायचं आणि म्हणायचं, "ताईला द्या बरं, तिच्याच हातचा शे." आणि आत आई पाणी प्यायलाही उठत नसायची. ज्या हातांनी एवढं केलं त्या हातांना आता पेला उचलवत नाही, हे मला तेव्हा समजत नव्हतं. खरं म्हणजे आजही समजत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलंय, मी पुस्तकं वाचली आहेत, तरी त्या गोष्टीपुढे मी आ वासून उभीच आहे.

डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते खालांनी हट्ट धरला म्हणून. मनाच्या आजारांचे डॉक्टर, तेही आपल्याच भागातले. त्यांनी आबांना विचारलं, "मागच्या महिन्यात यांची झोप कशी होती?"

आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बिबड्यांचे दिवस होते. झोपतं कोण?"

डॉक्टर हसले. त्यांच्याही घरी बिबडे होत असणार. मग त्यांनी विचारलं, "बरोबर आहे. पण बिबडे संपल्यावर सगळ्या बायका झोपतात. या झोपल्या का?"

आबा खाली बघत म्हणाले, "तिचे संपतच नाहीत, साहेब."

त्या दिवशी आम्हाला त्या आजाराचं नाव कळलं. बायपोलर. आबांना ते नीट म्हणता यायचं नाही, ते 'चढ-उताराचा आजार' म्हणायचे, आणि मला वाटतं ते नाव जास्त बरोबर आहे. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, हेही एक प्रकारचं मीठच असतं. महिन्याभराने जराशी सावरल्यावर आईने आबांना विचारलं, "म्हणजे माझ्यात मीठ कमी होतं का?" आबा म्हणाले, "हो ना, अळणी होतीस!" लग्नानंतर इतक्या वर्षांत आबांनी केलेला हा बहुधा पहिला विनोद. आई हसली नाही, पण तिने आबांकडे पाहिलं. तेवढं आबांना पुरलं.

एवढीशी गोळी आणि तेवढं मोठं वादळ! नवल वाटतं मला. तापीला पूर आला की लोक काठावर उभे राहून बघतात. भीती वाटत असते, पण पाय निघत नाही. आईबरोबरचं माझं सगळं लहानपण तसं काठावर उभं राहण्यात गेलं. आणि आबा? ते पाण्यात उभे होते. तिच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, उन्हाळ्यात तिला तासातासाला पाणी पाजणं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की हे औषध रक्तात चढतं. दुकानातून दुपारी खास पाणी पाजायला घरी यायचे. लोक म्हणायचे, बायकोचा गुलाम. आबा म्हणायचे, "असू द्या."

पण एक गोष्ट त्या घरातून कायमची गेली. बिबडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोप मोडली की आजार उठतो. तेव्हा पहाटेची चूल बंद. चैत्रात आबा बाजारातून तयार बिबडे आणायचे. आई एक तुकडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "घाटा कच्चा राहिलाय." दरवर्षी हेच. गल्लीत चुली पेटायच्या तेव्हा ती अंथरुणात जागी असायची का, हे मी कधी विचारलं नाही.

आबा गेल्यापासून आई माझ्याकडे धुळ्याला असते. आता ती सत्तरीची आहे. बोटं थरथरतात, ती या औषधाने. स्वभाव मात्र तोच, जिभेला धार. आबांची राखणदारी वारसाहक्काने माझ्याकडे आली आणि मी ती त्यांच्यापेक्षा कडक करते. आई फोनवर बोलत असली की माझे कान तिच्या वेगाकडे. तिने नवी साडी घेतली की मी रंग बघत नाही, आधी विचारते, "कधी घेतलीस? एकच घेतलीस ना?" ती उदास दिसली तर भीती वाटते हे कोणालाही कळेल. पण ती खुशीत दिसली की मला जास्त भीती वाटते, हे कोणाला सांगू? आईचं हसणं मला कधी सरळ घेता आलेलं नाही. देवाने प्रत्येकाला आईचं हसणं फुकट दिलंय, मला ते तपासून घ्यावं लागतं. याचा मला राग येतो. कोणावर काढायचा, ते मात्र समजत नाही.

तर मागच्या आठवड्यात तो वास आला आणि मी खाली आले, तर आई खिडकीशी उभी. तिच्यापर्यंतही तो पोचला होता.

"औंदा मी बिबडे टाकू का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. इतक्या पटकन, की माझं मलाच वाईट वाटलं. "आई, तुला माहितीये ना? झोप मोडायची नाही."

"झोप कोण मोडतंय? मी पुरी निजेन. सकाळी उठेन, च्या पिईन, गोळी घेईन, मग पातेलं चढवेन."

"आणि ऊन? आठ वाजता गच्ची तापते."

"गच्चीवर कोण जातंय? हॉलमधे थापू. पंख्याखाली. जरा सुकले की मग तू ने वर."

पंख्याखाली बिबडे! मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेजारच्या शोभाताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं बाई! बिबडे काय दिवस वर आल्यावर करतात?" आईने लगेच ऐकवलं, "का? ज्वारीला घड्याळ समजतं का?"

मी आईच्या इथल्या डॉक्टरांना फोन केला. माझ्या मनात होतं, ते नाही म्हणतील आणि मी सुटेन. ते म्हणाले, "झोप पुरी होत असेल, पाणी पीत असतील, तर करू द्या की. आणि मला पाठवा चार." घ्या!

आईने ज्वारी मोजून किलोभरच घेतली. स्वतःहून. चार दिवस ती भिजत होती आणि चार दिवस मी धास्तावलेली होते. आई वेळेवर झोपायची आणि मी तिच्या खोलीबाहेर कान देऊन उभी. ती घोरते आहे हे ऐकून मला जितकं बरं वाटायचं तितकं कोणाला भजन ऐकूनही वाटत नसेल.

काल सकाळी बेत झाला. हॉलमधली खुर्च्या-टेबलं बाजूला सारली, आबांची दोन जुनी धोतरं भिजवून अंथरली, पंखा बारीक केला. शोभाताई आली, नाक मुरडत का होईना. घाटा छान शिजला होता. आईने पहिला बिबडा थापला. ताटलीने आखलेला तो गोल कुठे गेला! बोटं थरथरत होती, त्यामुळे कड वेडीवाकडी, कुठे जाड, कुठे पातळ. आईने त्याच्याकडे पाहिलं, मान वाकडी केली आणि दुसरा घातला. मग तिसरा. घाई नव्हती. मधे थांबून तिने पाणी मागितलं, सावकाश प्यायली. शोभाताईने थापलेला एक बिबडा फारच जाड झाला, तर आई म्हणाली, "राहू दे वं, हा तुझ्या नवऱ्याला दे, त्याचे दात चांगले शेत."

शोभाताई म्हणाली, "आणि हे तुमचे? हे तर पार नकाशे झाले! हा बघा, हा साक्री तालुका!"

आई हसली. डोकं मागे टाकून, अंग हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझी नजर आधी घड्याळाकडे गेली, मग फडताळावरच्या गोळ्यांच्या डब्याकडे. आतल्या आत विचार सुरू झाले. काल किती झोपली? सकाळची गोळी माझ्यासमोर घेतली ना? आवाज जास्त चढलाय का?

शोभाताई दुसरं धोतर पिळायला मोरीत गेली, आणि मी मान वळवली तर आई माझ्याकडेच बघत होती. तिचं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं.

"हाऊ आजार नही," ती हळूच म्हणाली. "हाऊ आनंद शे."

मग जे इतकी वर्षं कोणालाच विचारलं नव्हतं, आबांना नाही, डॉक्टरांना नाही, ते तोंडून निघून गेलं. "तुला कसं कळतं, आई? दोन्हीतलं कोणतं आहे ते?"

तिने घाट्यात बोटं बुडवली, पण थापलं नाही. विचार करत राहिली. तिच्याकडे याचं उत्तर असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आजारात माले कोणीच लागत नही," ती म्हणाली. "सगळं मी एकटीच करू शकते असं वाटतं. दुसऱ्याचा हात मधे आला की राग येतो. अगदी तुझासुद्धा. आणि आज सकाळपासून मी तुझी वाट पाहून राहिले. ही कधी त्या दाराशी उभं राहणं सोडते आणि माझ्याजवळ येऊन बसते."

जन्मभर ज्या बाईला मी काठावरून बघत आले, ती पाण्यातूनही किती स्पष्ट पाहत होती! मी तिची पारख करत होते आणि ती, हात थरथरत असताना, आपल्याच मनातला एवढा बारीक फरक ओळखायला एकटीने शिकली होती. कोणत्या रात्रींत शिकली, काय किंमत देऊन, मला काय ठाऊक! त्या गल्लीभर पसरलेल्या बिबड्यांपुढे मी जितकी थक्क झाले होते ना, त्याहून जास्त काल झाले.

"येतेस का घाटा गार होऊ देऊ?"

मी गेले. तिच्या शेजारी मांडी घालून बसले, हात ओला केला, घाट्याचा गोळा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. पसरायला गेले तर तो मधोमध फाटला. आईने माझं मनगट धरलं, माझा तळवा घाट्यावर ठेवून वर आपला हात ठेवला. "दाबू नको. नुसता फिरव." तिची बोटं थरथरत होती, म्हणून माझीही थरथरत होती. आम्ही दोघींनी मिळून घातला तो बिबडाही फाटला.

आई परत तशीच हसली, अंग हलेपर्यंत. मीही हसले.